आकाशातले करडे ठिपके: सेन्सरवरची धूळ आणि कॅमेऱ्याची सेटिंग्ज

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोमवती अमावस्येला जेजुरीत क्रॉप सेन्सरच्या (प्रकाश टिपणारा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असलेल्या) २४ मेगापिक्सेल डीएसएलआरने सुमारे सहाशे छायाचित्रे काढली. घरी आल्यावर, गड आणि मोठे आकाश एकत्र घेतलेल्या चौकटींत वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ चार-पाच करडे गोल ठिपके दिसले. लेन्स बदलून पाहिली तरी ठिपके जागच्या जागी राहिले. पण गर्दीत जवळून टिपलेल्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांत ते कुठेच नाहीत. शिवाय भंडाऱ्याचा पिवळा रंग काही ठिकाणी फिका, तर काही ठिकाणी रंगाचा नुसता सपाट पट्टा लावल्यासारखा आला आहे. तेव्हा सेन्सर घरी साफ करावा का, आणि कॅमेऱ्यातील सेटिंग्ज कोणती ठेवावीत, असे दोन प्रश्न विचारले आहेत. मी या दोहोंचे उत्तर एकत्रच देतो, कारण ठिपके धुळीमुळे पडले असले तरी ते डोळ्यांना दिसले ते सेटिंगमुळे, आणि हे ध्यानात आले की सेन्सरला हात लावण्याची घाई आपोआप कमी होते.

लेन्स बदलूनही ठिपका जागा सोडत नाही, याचा अर्थ तो लेन्सवर नाही. मात्र ज्याला आपण ‘सेन्सरवरची धूळ’ म्हणतो ती प्रत्यक्ष सेन्सरवर बसलेली नसते. सेन्सरच्या पुढे काचेच्या फिल्टरांचा एक थर असतो आणि धूळ त्या काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसते. छायाचित्रात दिसतो तो धुळीचा कण नव्हे, तर मागच्या सेन्सरवर पडलेली त्याची सावली. लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे असेल तर प्रकाश रुंद शंकूच्या आकारात सगळ्या बाजूंनी येतो आणि सावली पसरून विरते. छिद्र लहान केले की प्रकाश जवळजवळ एकाच दिशेने येतो आणि सावली ठळक उमटते. भिंतीजवळ हात धरून आधी ट्यूबलाइटच्या आणि मग टॉर्चच्या उजेडात त्याची सावली पाहिली, तर हाच फरक दिसतो.

यात आकडे घालून पाहणे उपयोगी आहे. कण आणि सेन्सर यांच्यातले अंतर दीड मिलिमीटर धरले, तर एफ/२.८ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) त्या जागी प्रकाशाच्या शंकूची रुंदी सुमारे अर्धा मिलिमीटर भरते आणि एफ/१६ ला ती एक दशांश मिलिमीटरहूनही कमी होते. कण ०.०५ मिलिमीटरचा असेल, तर पहिल्या स्थितीत तो जेमतेम एक टक्का प्रकाश अडवतो आणि दुसऱ्या स्थितीत एक चतुर्थांशाहून अधिक. गर्दीतले चेहरे आपण बहुधा एफ/२.८ ते एफ/४ वर आणि गडाची दृश्ये एफ/१६ वर टिपली असावीत. छायाचित्रांसोबत नोंदलेल्या माहितीत हे ताडून पाहावे. धूळ दोन्ही वेळी तितकीच होती.

तरीही खात्री करून घ्यावी, कारण प्रत्येक ठिपका धुळीचा नसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावून दिसणारी आणि छायाचित्रात न येणारी काळी कुसळे फोकसिंग स्क्रीनवरची असतात. त्यांच्यामुळे छायाचित्राचे काहीही बिघडत नाही. अगदी बारीक, धारदार, लाल, निळा किंवा पांढरा असा एकच बिंदू दिसत असेल, तर तो सेन्सरचा बिघडलेला पिक्सेल असतो आणि कितीही पुसले तरी जात नाही. धुळीचा ठिपका मऊ कडेचा, करडा आणि गोलसर असतो. मधे गडद आणि भोवती उजळ कडे असेल, तर वंगणाच्या तेलाचा किंवा वाळलेल्या थेंबाचा संशय घ्यावा. तेलाचे ठिपके कॅमेऱ्याच्या आतूनही येऊ शकतात, त्यात वापरणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० बद्दल सेन्सरवरच्या ठिपक्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१४ मध्ये कंपनीने तो कॅमेरा विनामूल्य तपासून त्याचे शटर बदलून देण्याची सेवा जाहीर केली.

चाचणी घरच्या घरी करता येते. आयएसओ, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १०० ठेवावी, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा) एफ/२२ निवडावे, फोकस हाताने अनंतावर न्यावा आणि एक स्टॉप जास्त एक्स्पोजर देऊन, म्हणजे दुप्पट प्रकाश घेऊन, जवळच्या पांढऱ्या भिंतीचे किंवा कोऱ्या कागदाचे छायाचित्र काढावे. शटर उघडे असताना कॅमेरा हळूच हलवावा. त्यामुळे भिंतीवरचे डाग पुसट होऊन जातात आणि कॅमेऱ्यासोबतच हलणारी धूळ तेवढी ठळक उरते. ही चौकट संगणकावर शंभर टक्के मोठी करून एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीने तपासावी. कॉन्ट्रास्ट वाढवला की सगळे काही वर येते. इथे एक इशारा द्यावासा वाटतो. एफ/२२ च्या चाचणीत नव्या कोऱ्या कॅमेऱ्यातही दोन-चार ठिपके सापडतात आणि ते पाहून माणूस घाबरतो. ज्या अ‍ॅपर्चरवर आपण खरोखर काम करतो, त्यावर ठिपका दिसतो का, हाच निकष असावा. चाचणीची ही चौकट पुसून टाकू नये, तिचा उपयोग पुढे सांगतो.

ठिपक्याची जागा ओळखण्याचा नियम सोपा आहे. लेन्स काढून कॅमेरा सरळ उभा धरला आणि आपण समोरून सेन्सरकडे पाहिले, तर वर-खाली उलटे होते, पण डावे ते डावेच राहते. आपले ठिपके छायाचित्रात वर डावीकडे आहेत, म्हणजे समोरून पाहताना कण खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ सापडतील.

आता भंडाऱ्याविषयी, कारण ही साधी धूळ नव्हे. भंडारा मुळात हळदीची पूड. आज बाजारात मिळणाऱ्या भंडाऱ्यात इतर पिठे आणि रंगही मिसळलेले असतात. हळदीत तेलाचा अंश असतो, त्यामुळे तिचे कण रस्त्यावरच्या कोरड्या मातीपेक्षा काचेला अधिक चिकटून बसतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हळदीचा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये सहज विरघळतो, आणि सेन्सर पुसण्याची द्रावणे प्रामुख्याने अल्कोहोलचीच असतात. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी चंपाषष्ठीहून परतल्यावर घाईने, आधी कोरडी फुंकर न मारता थेट ओला स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसण्याची कापड लावलेली चपटी दांडी, फिरवला होता. तीन कणांच्या जागी काचेच्या डाव्या बाजूवर एक पातळ पिवळसर पट्टा तयार झाला. तो काढायला आणखी चार स्वॅब आणि अख्खी दुपार गेली, आणि त्या चार फेऱ्यांत काच खरवडली जाईल ही भीती सतत होती. म्हणून भंडारा आणि गुलाल यांच्या बाबतीत ‘आधी कोरडे, मग ओले’ हा क्रम कधीही मोडू नये.

पहिली पायरी कॅमेऱ्यातच असते. फिल्टरला अतिजलद कंपने देऊन धूळ झटकण्याची सोय २००३ सालच्या ऑलिंपस ई-१ मध्ये प्रथम आली आणि कॅननने ती २००६ मध्ये ४००डी पासून दिली. आज ती बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. कॅमेरा टेबलावर सरळ ठेवून ती तीन-चार वेळा चालवावी. कोरडे कण तेवढ्याने पडतात, चिकटलेला भंडारा मात्र पडेलच असे नाही.

दुसरी पायरी रबरी ब्लोअरची. खोलीची फरशी तासाभरापूर्वी ओल्या फडक्याने पुसलेली असावी, छताचा पंखा बंद असावा आणि अंगात लोकरीचे काही नसावे. सर्वांत आधी, लेन्स जोडलेली असतानाच, कॅमेऱ्याचा बाहेरचा भाग आणि विशेषतः लेन्स आणि बॉडी यांच्यातील सांध्याची फट कोरड्या ब्रशने स्वच्छ करावी. लेन्स काढताना आत पडणारा कचरा बहुतेक वेळा त्या फटीतच दबा धरून बसलेला असतो, आणि ही गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. मग पूर्ण भारलेली बॅटरी घालून मेनूतून हाताने सफाई करण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे आरसा वर जातो आणि शटर उघडे राहते. बॅटरी उतरलेली असेल तर पुष्कळ कॅमेऱ्यांत हा पर्याय निवडताच येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण मधेच वीज संपली तर शटरची पाती आतल्या वस्तूवर येऊन आदळतात. बल्ब मोडवर शटर उघडे धरून सफाई करण्याची जुनी क्लृप्ती याच कारणाने टाळावी.

कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवून, ब्लोअर आधी दोन-तीनदा बाहेरच दाबून, मग खालून वर असे दहा-बारा झोत द्यावेत. ब्लोअरचे टोक माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या, कड्याच्या आत जाऊ देऊ नये. हात हलला की टोक काचेवर टेकते. तोंडाने फुंकर मारू नये, कारण थुंकीचा सूक्ष्म थेंब वाळला की त्याचा डाग धुळीपेक्षा चिवट ठरतो. डब्यातली दाबाची हवा वापरू नये, तिच्यातला द्रव काचेवर थिजतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असते. कान साफ करण्याच्या काड्या, चष्म्याचे फडके आणि स्वस्त सफाई-संचातला ब्रश हे बाहेरच्या भागांसाठी ठीक आहेत, आत नव्हे. माझ्या अनुभवात दहांपैकी सात-आठ कॅमेऱ्यांचे काम ब्लोअरवरच संपते.

एवढ्यानंतर पुन्हा चाचणी घ्यावी. एफ/११ वर ठिपका उरला असेल तरच स्वॅबकडे वळावे. स्वॅब सेन्सरच्या मापाचाच घ्यावा: क्रॉप सेन्सरला १६ मिलिमीटर, फुल फ्रेमला (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरला) २४ मिलिमीटर रुंदीचा. त्याच्या कडेवर द्रावणाचे दोनच थेंब टाकावेत आणि ते पसरेपर्यंत काही क्षण थांबावे. थेंब ओघळेल इतका स्वॅब ओला असेल तर तो बाजूला ठेवावा. डाव्या कडेला टेकवून, दांडी किंचित वाकेल इतक्याच दाबाने, न थांबता उजव्या कडेपर्यंत एकच सलग फेरी मारावी. मग स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूने उजवीकडून डावीकडे यावे आणि तो टाकून द्यावा. एकदा वापरलेल्या स्वॅबच्या कडेला अडकलेला वाळूचा एक कण दुसऱ्या फेरीत काचेवर चरा पाडू शकतो, म्हणून काटकसर इथे करू नये. दोन स्वॅबनंतरही डाग हलला नाही, तर आपले प्रयत्न तिथेच थांबवून कॅमेरा अधिकृत सेवा केंद्रात द्यावा. वॉरंटी चालू असेल तर ओल्या सफाईचा विचारच करू नये.

मिररलेस कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात एवढेच, की आरसा नसल्याने सेन्सर माउंटच्या अगदी जवळ असतो आणि लेन्स काढताच उघडा पडतो. कॅमेरा बंद केल्यावर शटर मिटण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. सेन्सर हलवून स्थिरीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यांत सेन्सर घट्ट बसवलेला नसतो, त्यामुळे स्वॅबचा दाब आणखी हलका हवा.

आता सेटिंग्ज. सर्वांत आधी अ‍ॅपर्चर. दूरचा गड आणि समोरची गर्दी दोन्ही स्पष्ट यावीत म्हणून एफ/१६ निवडण्याची सवय फिल्मच्या काळापासून चालत आली आहे, पण आपल्या कॅमेऱ्यावर ती दुहेरी तोट्याची आहे. आपल्या सेन्सरवरच्या एका पिक्सेलची रुंदी सुमारे ३.९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, एका बिंदूचा जो पसरट ठिपका पडतो, तो एफ/८ ला सुमारे ११ आणि एफ/१६ ला सुमारे २१ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/१६ वर धूळ ठळक होते आणि बाकी सगळे मऊ होते. १८ ते २४ मिलिमीटरच्या वाइड लेन्सवर एफ/८ ला तीन-चार मीटरवर फोकस ठेवला, तर दीड-दोन मीटरपासून गडाच्या कमानीपर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. ही एक सवय बदलली, तर आपल्या ठिपक्यांपैकी निम्मे तरी छायाचित्रात दिसणारच नाहीत.

भंडाऱ्याचा फिका रंग ही व्हाइट बॅलन्सची, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणाऱ्या सेटिंगची, करणी आहे. चौकटीचा मोठा भाग पिवळा असला, की स्वयंचलित व्हाइट बॅलन्सला तो पिवळेपणा प्रकाशाचा दोष वाटतो आणि तो निवारण्यासाठी कॅमेरा निळा रंग वाढवतो. सोन्याची जेजुरी त्यामुळे मळकट दिसू लागते, आणि शेजारशेजारच्या दोन चौकटींत भंडारा दोन रंगांचा येतो. दिवसा उन्हात व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर, पक्का करून ठेवावा. गडावरच्या ओवऱ्यांच्या सावलीत रंग थोडा निळसर येईल, पण तो सर्व चौकटींत सारखाच येईल आणि एकदम दुरुस्त करता येईल.

सपाट पट्ट्याचे कारण वेगळे आहे. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा. उन्हातल्या भंडाऱ्यात लाल वाहिनी (चित्राचा लाल रंगाचा घटक) सर्वांत आधी काठोकाठ भरते आणि निळी जवळजवळ रिकामी राहते. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ भागांचा आलेख, सरासरी दाखवतो, त्यामुळे त्यात सारे आलबेल दिसते. म्हणून लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम चालू करावा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटत असेल, तर एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉपने कमी करावे. भंडारा उधळतानाच्या क्षणी आकडे पाहायला वेळ नसतो. म्हणून पालखी येण्याआधी, उन्हातल्या पिवळ्या पायऱ्यांवर एक चाचणी घेऊन मॅन्युअल एक्स्पोजर ठरवून टाकणे मला सर्वांत खात्रीचे वाटते.

इथेच पिक्चर स्टाइलचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या तयार रंगछटांच्या पर्यायांचा, प्रश्न येतो. कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, शार्पनेस, व्हाइट बॅलन्स आणि कलर स्पेस (रंगांची कक्षा) ही सेटिंग्ज जेपेगला, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या चित्राला, लागू होतात. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, ती नुसती टिपणासारखी नोंदलेली असतात आणि नंतर बदलता येतात. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारे चित्र आणि त्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरूनच बनतात. आपण ‘व्हिव्हिड’ ठेवले असेल, तर लाल वाहिनी रॉमध्ये शाबूत असूनही पडद्यावर फुटलेली, म्हणजे काठोकाठ भरून तपशील गेलेली, दिसेल. म्हणून रॉमध्ये काम करणाऱ्यानेही ‘न्यूट्रल’ ठेवावे. पडद्यावर चित्र नीरस दिसते, पण आलेख सत्याच्या जवळ असतो. फक्त जेपेग वापरणाऱ्याने ‘स्टँडर्ड’ ठेवून सॅच्युरेशन एक पायरी उतरवावे, कारण जेपेगच्या प्रत्येक वाहिनीत २५६ च पायऱ्या असतात आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. फुटलेला पिवळा जेपेगमधून परत आणता येत नाही. अशा उत्सवासाठी मी रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवतो. कलर स्पेस एसआरजीबी पुरेशी आहे; छापखान्याने मागितली, तर रॉमधून अ‍ॅडोबी आरजीबी नंतरही काढता येते. सावल्या उजळण्याची स्वयंचलित सोय बंद ठेवावी, कारण काही कॅमेऱ्यांत ती मूळ एक्स्पोजरही गुपचूप कमी करते.

पुढच्या वेळी जाताना लेन्स घरीच ठरवून जोडावी आणि गडावर ती अजिबात काढू नये. कॅमेऱ्याला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवून तिचे तोंड लेन्सच्या टोकाशी रबरबँडने आवळावे. लांब-आखूड होणारी झूम लेन्स पंपासारखी हवा आत ओढते, म्हणून शक्य असेल तर अशा दिवशी एकच प्राइम (झूम न होणारी) लेन्स न्यावी. परतल्यावर पिशवी खोलीबाहेर काढावी आणि बॉडी कॅप व लेन्सची मागची कॅप पुसून घ्यावी. याच दोन कॅपांच्या आतून पुष्कळ धूळ सेन्सरपर्यंत पोचते.

राहिली ती हातातली सहाशे छायाचित्रे. सेन्सर साफ करण्याआधीच वरची पांढऱ्या कागदाची चौकट काढून ठेवावी, कारण या क्षणी ती या छायाचित्रांतल्या धुळीचा नकाशा आहे. सफाईनंतर हा नकाशा मिळणार नाही. निकॉनमध्ये असे संदर्भचित्र आधी काढलेल्या रॉ छायाचित्रांनाही कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून लागू करता येते. कॅननची धूळ-माहिती मात्र ती घेतल्यानंतरच्या छायाचित्रांनाच जोडली जाते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका चौकटीतले ठिपके दुरुस्त करून तीच दुरुस्ती एफ/११ किंवा त्याहून लहान छिद्राच्या बाकी चौकटींवर एकदम उतरवावी. मग प्रत्येक चौकटीचा वरचा डावा कोपरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. आकाशात दुरुस्ती बेमालूम बसते. पण तिथे दीपमाळेचा दगड किंवा हवेत उडालेला भंडारा आला असेल, तर ती आजूबाजूचा तुकडा आणून चिकटवते, आणि अशा चौकटी हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.